एक रात्र थयच गेली

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजबाहेर सकाळी चहा घेत उभा होतो. रात्रभराचं जागरण, डोळे चुरचुरत होते, पण मन हलकं होतं. आप्पांची अँजिओप्लास्टी होऊन ते आयसीयूत शुद्धीवर होते. नर्सबाईंनी कोंकणीतून ‘आतां कशें दिसता, बाबा?’ असं विचारल्यावर त्यांनी ‘भूक लागली’ असं सांगितल्याचं कळलं होतं. माझ्या शेजारी एक माणूस भाजी-पाव हातात धरून उभा होता आणि घास काही तोंडात जात नव्हता. देवगडच्या बाजूचा, म्हणजे आमच्याच सिंधुदुर्गातला. परमुलखात आपली भाषा कानावर आली की अनोळखी माणसंही बोलायला लागतात. ‘तुम्ही कधी इलास?’ त्याने विचारलं. म्हटलं, काल संध्याकाळी, काकांना ॲटॅक आला. त्याच्या थोरल्या भावाचंही तेच. तसंच छातीत दुखणं, तसाच दरदरून घाम, वयसुद्धा आप्पांच्या आसपासचं. फक्त त्याच्या भावाला आधी घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे गॅसचं औषध देऊन रात्रभर ठेवून घेतलं, फिजिशियन सकाळी येतील म्हणाले. सकाळी कार्डिओग्राम, म्हणजे ईसीजी, निघाला आणि मग धावाधाव. आता जीव वाचेल, पण हृदयाचा बराचसा स्नायू गेलाय, असं इथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ‘आमची एक रात्र थयच गेली,’ म्हणजे तिथेच गेली, असं तो म्हणाला आणि भाजी-पाव कागदात गुंडाळून त्याने पिशवीत टाकला.

ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

दोघांवर उपचार करणारे डॉक्टर एकच, यंत्रं तीच, वॉर्ड एकच. रोगही एकच. आप्पांचं नशीब म्हणायचं तर ते एवढंच, की त्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा आमच्या गावातले डॉक्टर घरी होते. साधे एमबीबीएस, पस्तीस-चाळीस वर्षं इथेच प्रॅक्टिस. दवाखान्यात एक लाकडी टेबल, त्यावर रेक्झिनची गादी, आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं ईसीजीचं जुनं मशीन. आप्पा ‘वाताचा दुखता’ म्हणत होते. डॉक्टरांनी काही न बोलता शर्ट काढायला लावला, छातीवर जेली लावून रबरी बोंडं चिकटवली, आणि मशीनमधून सरसरत बाहेर येणारी पट्टी उजेडाकडे धरून बघितली. पट्टी टेबलावर पसरून मोबाईलवर तिचा फोटो काढला, गोव्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला, आणि उत्तर यायच्या आतच गोळ्या काढून आप्पांना चावून खायला लावल्या. मग म्हणाले, ‘आप्पानु, ह्यो गॅस नाय. गाडी सांगा.’ काकू घरी जाऊन कपडे घेऊन येते म्हणाली, तर तिच्यावर ओरडले. एरवी आवाज न चढवणारा माणूस. आम्ही पत्रादेवीचा नाका ओलांडला तोवर बांबोळीला आमची वाट बघत होते.

हार्ट ॲटॅकमध्ये रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. तो एकदम मरत नाही, तासातासाने मरतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं तर त्याचा गुण सगळ्यात जास्त, मग तो उतरत जातो. मेंदूच्या झटक्यात तर ते औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, व्हॉट्सॲपवर रोज फिरतं. पण छातीत कळ येते तेव्हा माणूस असतो कुठे? बागेत, समुद्रावर, भजनात, लग्नाच्या पंगतीत. त्याच्यापासून पहिला ईसीजी किती दूर आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. बांबोळीची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, कितीही चांगली असली तरी ती वाटच बघू शकते.

आमच्या लहानपणी बांबोळी हे नाव हळू आवाजात घेतलं जायचं. ‘बांबोळीक न्हेल्यानी’ एवढं ओटीवरून कुणी सांगितलं की आजी जपाची माळ काढायची. त्याच्याही आधी माणसं मुंबईला जायची. कोकणातल्या प्रत्येक घराचा एक तरी चाकरमानी परळ-लालबागला असायचाच, त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत गावचा पेशंट आणि सोबतचे दोघे महिनामहिना राहायचे, आणि त्या घरातली बाई सगळ्यांना जेवू घालून केईएमचा डबा भरायची. त्या बायकांचे उपकार आमच्या जिल्ह्याने कधी मोजलेले नाहीत. वरच्या तालुक्यांतले लोक घाट चढून कोल्हापूर गाठायचे, आंबोलीकडचे बेळगावला जायचे, आणि आम्ही खालचे गोव्याला. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग झाला, ओरोसला मुख्यालय आलं, जिल्हा रुग्णालय आलं. तरी दुखणं जरा मोठं निघालं की माणूस जिल्ह्याबाहेर जाणार हे ठरलेलंच होतं. आठ तालुक्यांच्या आजाराला चार दिशा होत्या, आणि एकही ओरोसकडे वळत नव्हती.

गोव्याबद्दल मनात जे आहे ते सांगायचं तर पहिल्यांदा कृतज्ञताच आहे. पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा काढली, आशियातल्या जुन्यांपैकी एक. गोवा मुक्तीनंतर तिचंच हे कॉलेज झालं. मांडवीकाठच्या तिच्या जुन्या इमारतीच्या आवारात २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो; दर नोव्हेंबरात टीव्हीवर ती रोषणाई दिसली की मला तिथले पूर्वीचे वॉर्ड डोळ्यांसमोर येतात. बांबोळीच्या टेकडीवर आता सुपर स्पेशालिटीचं वेगळं संकुल उभं आहे. त्याच्या आवारात कुठेही पाच मिनिटं उभं राहावं, तीन-चार भाषा कानावर पडतात. कारवारचे कन्नड-कोंकणी बोलणारे, बेळगावकडचे, आमचे मालवणी. कोणाच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा, कोणाच्या हातात पेज भरलेला डबा. आमचा जिल्हा त्या राज्याला कर देत नाही, तिथे मत देत नाही, तरी अपघातातलं डोकं घेऊन मध्यरात्री गेलेल्या आमच्या पोरांना तिथल्या न्यूरोसर्जननी वाचवलं आहे. अशी घरं मला माहीत आहेत.

म्हणूनच २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे लावायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे पोटात गोळा आला. दोडामार्गात माणसं आंदोलनाला बसली. मोर्च्यांची सवय नसलेली, काजू-सुपारीवाली माणसं. काहींनी तर आमचा तालुका गोव्याला जोडा अशी मागणी केली. त्या मागणीवर मुंबईत लोक हसले असतील. मला ती ऐकताना वाईट वाटलं आणि त्यातलं दुखणंही कळलं. गोव्याचं म्हणणं खोटं नव्हतं: खाटा आमच्या, डॉक्टर आमचे, पगार आम्ही देतो, आणि आमच्याच माणसाला जमिनीवर झोपावं लागतं. यात चूक काढायची तर ती कोणाची काढायची? जिल्हा करून साडेतीन दशकं झाली तरी आपला रुग्ण शेजाऱ्याच्या दारात जातो, ही गोष्ट आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली होती की शेजाऱ्याने दार थोडं ओढलं तेव्हा आपल्याला राग आला. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून तिथल्या उपचारांची सोय झाली आणि वातावरण निवळलं.

त्याच्या आधी दोन वर्षं माकडतापाने आम्हाला धडा दिला होता. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्गातल्या केर गावात माकडं मरून पडायला लागली आणि काजूच्या बागेत जाणारी माणसं तापाने फणफणली. पुढच्या वर्षी बांदा परिसरात तोच प्रकार, आणि त्यात माणसंही गेली. गोचिडीतून येणारा हा ताप कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली पहिल्यांदा ओळखला गेला होता, आमच्या डोंगरात मात्र तो नवा. ऐन काजूचा हंगाम, वर्षाचं उत्पन्न झाडाखाली पडलेलं, आणि बागेत जायची भीती. तेव्हाही गंभीर रुग्ण बांबोळीलाच गेले. पण साथ आटोक्यात आणायला मोठं हॉस्पिटल पुरलं नाही. आरोग्यसेविका आणि आशाताई दारोदार फिरल्या, अंगाला लावायचं तेल वाटलं, लस घ्या म्हणून विनवण्या केल्या, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, कळवा, हे सांगत राहिल्या. आमच्या वाडीत येणारी सेविका दुपारच्या उन्हात छत्री बंद करून तिचीच काठी करायची, कुत्री फार होती म्हणून. तिच्या पिशवीतल्या वहीत प्रत्येक घराचं नाव, बागेत कोण जातं, तेल कधी दिलं, ताप कधी आला, असे रकाने आखलेले होते. रक्ताचे नमुने कुठे पाठवायचे हे ठरवणारे तज्ज्ञ लांब बसले होते आणि त्यांना वेळेवर माहिती देणारी वही इथे होती. दोन्हींमधला धागा जुळला तिथे माणसं वाचली.

कोकणाला ही गोष्ट नवीन नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) होते तेव्हा लाल विंचू चावला की धडधाकट माणूस, लहान पोर, फुप्फुसात पाणी होऊन मरायचं. शेतकऱ्याच्या घरी विंचू म्हणजे मृत्यूच धरायचे. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास सगळं लिहून काढलं, हृदयावर नेमकं काय होतं ते ओळखलं, आणि रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची साधी गोळी वापरून बघितली. शंभरातले तीसेक मरायचे, ते प्रमाण पुढे एक-दोनावर आलं. जगभर ते काम वाखाणलं गेलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की उपाय हाती आल्यावर त्यासाठी रुग्णाला मुंबईला न्यावं लागलं नाही. गोळी पीएचसीत होती, ती कधी द्यायची हे ज्ञानही पीएचसीतच होतं.

आता आमच्याकडे दिवस बदललेत. हायवे चौपदरी झाला. २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला, पाठोपाठ मोपाचा सुरू झाला. बांद्यापासून कणकवलीपर्यंत रस्त्याच्या कडेला मोठमोठे फलक लागलेत, त्यावर पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर, हाताची घडी घालून. गुडघेबदल, मणका, किडनी, वंध्यत्व. पडव्याला खासगी मेडिकल कॉलेजसह मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, शंभर जागांचं, २०२१-२२ ची पहिली बॅच. ओरोसच्या नाक्यावर पूर्वी संध्याकाळी सातनंतर माणूस दिसायचा नाही, तिथे आता ॲप्रन हातावर टाकून मुलं-मुली वडापाव खात असतात. ते बघून मला खरोखर आनंद होतो. आपल्या जिल्ह्यात शवविच्छेदनगृहापासून ग्रंथालयापर्यंत सगळं उभं राहतंय, प्राध्यापक येतायत, हे आमच्या वडिलांच्या पिढीला सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

गरज आहेच. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. दहा वर्षांत राज्य वाढत गेलं आणि आमचा जिल्हा कमी झाला. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, गोव्याच्या कारखान्यांत, आखातात. घरात उरले आई-वडील. त्यांचे गुडघे, त्यांची साखर, त्यांचं रक्तदाबाचं पाकीट, त्यांची किडनी. आमच्या वाडीत रात्री साडेनऊला कोणाच्या छातीत दुखलं तर गाडी चालवता येणारा माणूस आधी शोधावा लागतो. मुलगा ठाण्याहून फोनवर रडत विचारत असतो, निघालात का, निघालात का. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण आमच्या घाटीतून वर यायला तिला जो वेळ लागतो तो लागतोच.

तालुक्याच्या गावी एका मेडिकल स्टोअरबाहेर फळा आहे. त्यावर मार्करने लिहिलेलं असतं: मेंदूविकार, महिन्याचा दुसरा शनिवार. हृदयरोग, दर बुधवारी ११ ते २. किडनी, पहिला व तिसरा रविवार. मूत्ररोग, फोन करून येणे. हे डॉक्टर कोल्हापुरातून, बेळगावातून, गोव्यातून येतात, सकाळपासून साठ-सत्तर पेशंट तपासतात आणि संध्याकाळी घाट चढतात किंवा नाका ओलांडतात. त्यांना नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा दिवसभराचा प्रवास वाचतो, औषधं वेळेवर बदलली जातात, आणि आमच्या काकूची फिट तर अशाच एका शनिवारच्या डॉक्टरांनी आटोक्यात आणली. पण त्या फळ्यापुढे उभं राहिलं की वाटतं, झटका बुधवारी ११ ते २ मध्येच येईल असं कोण सांगणार? तज्ज्ञ आला यापेक्षा तज्ज्ञ राहिला हे मोठं. मोठ्या इमारतीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. रात्री दोन वाजता तिथे कोण हजर आहे, हे कोणत्याच फोटोत येत नाही.

त्यात जे साधलं आहे तेही बघायला हवं. डायलिसिसचंच घ्या. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आयुष्यभर. पूर्वी आमच्याकडचा पेशंट त्यासाठी गोव्याला किंवा कोल्हापूरला फेऱ्या मारायचा. प्रवासानेच अर्धमेला व्हायचा, सोबत जाणाऱ्याची नोकरी जायची, आणि मग एक दिवस ‘आता नको’ म्हणून तो घरीच पडून राहायचा. आमच्या ओळखीत असे दोघेजण गेले. आता जिल्ह्यातच मशीनं आहेत, योजनेत पैसे लागत नाहीत. शेजारच्या गावातले एक निवृत्त मास्तर सकाळी डायलिसिसला जातात, दुपारी येऊन वरण-भात खातात, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर पेपर वाचताना दिसतात. इथे कोणी जगप्रसिद्ध तज्ज्ञ लागला नाही. मशीन, पाणी शुद्ध करायचं यंत्र, वीज गेली तर जनरेटर, आणि ते सगळं रोज नीट चालवणारे दोन-तीन टेक्निशियन. किडनीचे डॉक्टर अधूनमधून येऊन बघतात. एवढ्यावर मास्तर जगतायत.

हृदयाच्या बाबतीत गोव्याने हेच केलं. स्टेमी म्हणून त्यांनी जी व्यवस्था बसवली, तिच्यात गावाकडच्या आरोग्य केंद्रातच ईसीजी निघतो, तो फोनवरून बांबोळीच्या हृदयतज्ज्ञाकडे जातो, त्यांनी हो म्हटलं की गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट दिलं जातं, आणि मग ॲम्ब्युलन्स निघते. तज्ज्ञ बांबोळीतून हललेला नसतो आणि उपचार पेडण्याला, काणकोणला सुरू झालेला असतो. देवगडच्या त्या माणसाशी बोलल्यापासून मी हाच विचार करतो आहे. त्याच्या भावाला जवळच्या त्या दवाखान्यात कॅथलॅब लागत नव्हती. रात्री कार्डिओग्राम काढायला हवा होता, आणि त्याची पट्टी बघून ‘पाठवा’ म्हणणारा एक माणूस फोनवर हवा होता. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी ही साखळी स्वतःच्या ओळखीवर, स्वतःच्या मोबाईलवर बांधली आहे. ते आता सत्तरीकडे झुकलेत. त्यांचा मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला आहे. दवाखाना बंद झाला की ती साखळीही जाणार, कारण ती कुठल्याही कागदावर नाही.

आमच्या शेजारची मुलगी ओरोसला शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्याच बॅचमधली. सुट्टीत आली की आमच्याकडे हक्काने आंबोळ्या खायला येते आणि मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडतो. गेल्या खेपेला विचारलं, पुढे काय करणार? म्हणाली, मेडिसिन मिळालं तर मेडिसिन, नाहीतर भूलशास्त्र. परत इथे येशील का, हे मी जरा भीत-भीतच विचारलं. हल्लीच्या मुलांना असं विचारलं की ती गप्प होतात. ही झाली नाही. म्हणाली, ‘काका, मी येईन. पण मला एकटीला ठेवणार असाल तर नाही येणार.’ मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, तर साधं अपेंडिक्सही पुढे पाठवावं लागतं. दोघेही आहेत पण रक्त नाही, तर अडलेली बाळंतीण पुढे पाठवावी लागते. फिजिशियन एकच असेल तर तो तीन रात्री जागेल, चौथ्या रात्री फोन बंद ठेवेल, आणि नेमक्या त्याच रात्री कोणीतरी गॅसचं औषध देऊन ठेवून घेतलेला पेशंट असेल. ‘प्रत्येक जागेवर निदान दोघंजण हवेत. आणि राहायला ज्याचं छप्पर गळत नाही असं क्वार्टर,’ ती म्हणाली. मी तिला देवगडच्या माणसाबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं.

तिच्या आईला वाटतं तिने मुंबईत लग्न करून तिकडेच राहावं, इकडे पोरीची जात, रात्री-अपरात्री एकटी हॉस्पिटलात. त्या माऊलीचंही चूक नाही. मी त्या वादात पडलो नाही. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाच्या किती जागा मंजूर आहेत आणि त्यातल्या किती भरल्यात, एवढं मात्र मला माहिती करून घ्यायचं आहे. माहिती अधिकारात अर्ज लिहून ठेवला आहे. गावातल्या डॉक्टरांनीही आपलं नाव त्यावर घाला म्हटलं, आणि देवगडच्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला त्याच्या तालुक्यातून असाच अर्ज करायला सांगणार आहे. त्याचा भाऊ घरी आलाय. जिना चढवत नाही त्याला, पण अंगणापर्यंत येतो म्हणाला. सोमवारी सकाळच्या गाडीने अर्ज घेऊन जातोय.